दार उघडं शे

गाडी खोलून परत जोडली की दोन-चार नट उरतातच. कुठले ते कळत नाही, गाडी तर चालते. फेकवत नाहीत म्हणून मिस्त्री लोक ते डब्यात टाकतात. माझ्या डोक्यात किश्श्यांचा तसाच डबा झालाय. चाळीस वर्षं धुळ्यात गाड्यांच्या पोटाखाली झोपलो. गुडघे गेले, तेव्हापासून जळगावला हायवेवरच्या एका परदेशी गाड्यांच्या शोरूममध्ये बसतो. काम काय, तर नवी गाडी पुसायची, पूजेचं ताट लावायचं, चाकाखाली लिंबं ठेवायची. शिक्षण चौथी नापास. शोरूमची पोरं बोलतात ते मला कळत नाही, गाडी बोलते ते कळतं. इंजिनाचं नाही सांगत. इंजिन तर हिला नाहीच. ही तोंडानं बोलते.

*

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला. "दुसऱ्या परदेशी गाड्या एवढ्या महाग, अन् तुमची स्वस्त कशी? खोट काय?"

आमचे शेठजी मारवाडी, जिभेवर साखर. चोपड्याकडचे एक केळीवाले पाटील आले, त्यांना शेठजींनी बोटांवर मोजून सांगितलं. "इलेक्ट्रिक गाडीत सगळ्यात महाग बॅटरी. ती यांची घरचीच. जहाज यांचंच. सुटे भाग आणून इथं जोडतात, म्हणून करही कमी. दुसरे कंपनीवाले बॅटरी विकत घेतात, कधी कधी तर यांच्याचकडून."

"म्हणजे रोप आपलं, मळा आपला, ट्रक आपला," पाटील म्हणाले. "मधे आडत्याच नाही."

"बरोबर. आणि कारखाना तिथला असो की इथला, त्यात माणसं नाहीत. सगळे रोबोट. त्यांना उजेड लागत नाही, म्हणून आत दिवेही लावत नाहीत. तेवढं लाईटबिल वाचतं."

पाटलांनी बॉनेटवरचा हात काढून घेतला. "बठ्ठी गाडी अंधारात बनेल शे?"

"बठ्ठी. सगळीच्या सगळी."

"शेठजी, आमची केळं पण बंद खोलीत अंधारात पिकवतात. ती आम्ही विकतो. घरी खात नाही."

चहा अर्धा ठेवून गेले.

*

ते अंधाराचं माझ्या डोक्यात बसलं. जुनी कुठलीही गाडी खोला, आत माणूस सापडतोच. खडूनं लिहिलेला आकडा, रंगात अडकलेला केस, बोटाचा ठसा. धुळ्यात एका जीपच्या दारात मला विडीचं थोटूक सापडलं होतं. कारखान्यातल्या कुण्या बाबानं ओढून आत टाकलेलं. मी ते परत तिथंच ठेवून दार बंद केलं. आधी त्याची गाडी होती ती.

इथं एका गाडीचं दार वाजत होतं, म्हणून मी आतलं पॅनल उघडलं. टॉर्च मारला. काही नाही. माणसाचा तळहात बघावा आणि त्यावर रेषाच नसाव्यात, तसं.

समोरच्या नानाला हाक मारून दाखवलं. नाना म्हणजे सीटकव्हर शिवणारा, धुळ्यापासूनचा माझा दोस्त. शोरूमच्या बरोबर समोर रस्त्यापलीकडे त्याचं दुकान आणि मागं घर, दोन्हीला दार एकच. "हिला अजून कोणाचाच हात लागलेला नाही," मी म्हणालो.

"तुझा लागला ना आत्ता," नाना म्हणाला. "भोग आता. तुझी शे ती."

*

एरंडोलच्या एका घरची गाडी द्यायची होती. नारळ झाला, आरती झाली, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मुलगा सीटवर बसला, पण गाडी हलेना. पुढं माणूस असला की ही गाडी आपली आपण थांबते. मी सगळ्यांना मागं घेतलं. तरी हलेना. पडद्यावर गाडीच्या समोर एक माणूस उभा दिसत होता. समोर तर नुसतं अंगण. शोरूमच्या पोरानं कॅमेरा पुसला, काच पुसली. माणूस तिथंच.

मुलाची आई, सत्तरीची अक्का, पुढं झाली. पडद्याकडे बघितलं, मग रिकाम्या जागेकडे. पदर डोक्यावर घेतला.

"सरका ना बाजूले," ती म्हणाली. "देखी लिधी ना गाडी?"

पडदा मोकळा झाला. चारी लिंबं एकदम फुटली.

"यांचे बाबा," अक्का मला म्हणाली. "पैसा त्यांनीच साठवलेला. बघितल्याशिवाय कसे जातील?"

*

दिवाळीनंतर गाड्यांना मराठी आवाज आला. आपोआप, हवेतून. सकाळी पोरांनी डेमोची गाडी चालू केली, एक दार नीट लागलं नव्हतं, आणि आतून बाई बोलली, "दार उघडं शे."

बाकी सगळं शुद्ध. "कृपया बेल्ट लावा", "बॅटरी कमी आहे", अगदी शाळेतल्या बाईंसारखं. हे एकच वाक्य आपलं खान्देशी, 'आहे'च्या जागी 'शे'. आमची गिऱ्हाइकं खूश. पण चाळीसगावच्या एकानं जावयाला गाडी घेऊन दिली होती, तो जावई पुण्याचा. त्याचा शेठजींना फोन आला.

"गाडी दार उघडं शे म्हणते. शे म्हणजे किती शे? सातशे की आठशे?"

शेठजींनी कंपनीला विचारलं. उत्तर असं, की दुसरे कंपनीवाले स्टुडिओत चांगली बाई बसवून आवाज भरतात, ते महाग पडतं. यांनी एका एजंटाकडून घाऊक वाक्यं घेतली. लोक घरी बसून मोबाईलवर वाचतात, वाक्यामागे काहीतरी सुटं मिळतं. कोण बोललं ते कागदावर नाही. चूक मात्र पुढच्या अपडेटला दुरुस्त होईल.

*

नाना डेमोच्या गाडीचं सीट मापायला आला. टेप तोंडात धरून दार उघडलं, आणि गाडी बोलली.

टेप खाली पडली. त्यानं दार लावलं, परत उघडलं. "दार उघडं शे." परत लावलं. दहा-बारा वेळा. पोरं हसायला लागली. मी एकाला फटकावलं, कारण तोवर माझ्याही लक्षात आलं होतं. तो आवाज वैशूचा होता.

वैशू नानाची एकुलती पोर. शिकवण्या घ्यायची, बोलायची एकदम शुद्ध. दोन पावसाळ्यांमागे तापानं गेली.

"मोबाईलवर वाचायची ती," नाना म्हणाला. "समोर लिहिलेलं असायचं, दरवाजा उघडा आहे. तिला काय वाचता येत नव्हतं? तेवढ्यात मी आत आलो, दार तसंच टाकून. हायवेची धूळ यायची, रोजचं भांडण आमचं. ती वाचता वाचता माझ्यावरच ओरडली, 'नाना, दार उघडं शे.' तेच भरलं गेलं. सुरुवातीचं 'नाना' तेवढं कापलं त्यांनी."

ती गेल्यापासून नाना दार कधी उघडं टाकत नव्हता. भर उन्हाळ्यातसुद्धा.

*

मग नाना रोज यायला लागला. एकदा दार उघडायचं, ऐकायचं, लावायचं, जायचं. शेठजींनी कधी अडवलं नाही. पण अपडेटची तारीख आली, तेव्हा त्यांनीच हात जोडले. "नाना, गाडी माझी आहे. आवाज कंपनीचा."

मी म्हणालो, मोबाईलमध्ये भरून ठेवू.

नाना माझ्यावर खवळला. "भरी ठेवाले ती मरेल शे का?"

त्याच्या लेखी ती मेलेलीच नव्हती. मी पान्हे घेऊन गाडीला भिडलो. अपडेट हवेतून येतं, तर हवा बंद करू. फ्यूज काढला, तर गाडीच मेली. परत लावला. जिथं रेंज येते असं वाटलं, तिथली वायर उपटली, तर वायपर बंद पडले. शेवटी गाडी दोंडाईच्याकडच्या रेंज नसलेल्या एका शेतात नेऊन दोन दिवस उभी केली. चार्जिंग संपत आलं, तेव्हा परत आणावीच लागली. जन्मभर गाड्या दुरुस्त केल्या. बिघडवायची वेळ पहिल्यांदा आली, आणि तेवढं जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी नानानं दार उघडलं. "दरवाजा उघडा आहे," कुणीतरी दुसरीच बाई म्हणाली.

नानानं हळूच दार लावलं, झोपलेलं माणूस उठेल असं. आणि गेला.

*

आठ दिवस नानाचं दार बंद. हाक मारली की आतून "जा रे" एवढंच. डबा ठेवला तर तसाच परत मिळायचा. मे महिना, दुपारी हायवेवर कुत्रंसुद्धा नाही. शेठजी जेवायला गेलेले, पोरं आत एसीत. मी एकटा डेमोची गाडी पुसत होतो. गाडी बंद. किल्ली शेठजींच्या टेबलात. चारी दारं लावलेली, डिकी लावलेली. मी स्वतः दाबून बघितली होती.

काचेवर फडकं फिरवत होतो, आणि आतून आवाज आला.

"नाना, दार उघडं शे."

फडकं हातातच राहिलं. मी चारी दारं परत ओढून बघितली. लागलेली. मग कशानं कोण जाणे, मान वळवून समोर बघितलं.

नानाचं दार सताड उघडं होतं.

गुडघ्यांचा विचार न करता रस्ता ओलांडला. उंबऱ्यावर थांबलो. आत नाना माझ्याकडे पाठ करून जेवत होता. आठ दिवसांनी ताटावर बसलेला. पायरीवर माझं पाऊल वाजलं असेल, पण त्यानं वळून बघितलं नाही. घास गिळला, पाण्याचा तांब्या उचलला.

"हाव, वैशू," तो म्हणाला. "लावतो ना. एवढा घास होऊ दे."