बारसं न झालेला रस्ता

मी राहते त्या शहरात काही वर्षांपूर्वी बससाठी वेगळी पट्टी बांधायला काढली. मोठ्या रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंना कठडे, आतून फक्त बस जाणार. खडी पडायच्या आधीच त्या रस्त्याला नाव कुणाचं द्यायचं यावर सभा झाल्या, मोर्चे निघाले आणि काम आहे तिथंच राहिलं. शेजारच्या बाई वैतागून म्हणाल्या, "असं कुठं असतं का हो?" मी म्हटलं, असतं. आमच्या गावात झालंय. फक्त आमच्याकडं आत्या होती.

कळमनुरीहून आखाडा बाळापूरला जाताना आमच्या गावाचा फाटा लागतो. फाट्यापासून गावापर्यंत तेव्हा काळ्या रानातून जाणारी गाडीवाट होती. उन्हाळ्यात फुफाटा, आणि पावसाळ्यात असा चिखल की बैल गाडी ओढायचं सोडून मान वळवून आपल्याकडं बघायचे. हिंगोली जिल्हा नवा नवा झाला, त्या सुमाराला ही वाट पक्की करायचं मंजूर झालं. डांबरी रस्ता होणार आणि गावात एसटी येणार.

गावाला एसटी हवी होती आणि मला अकरावी. ह्या दोन गोष्टी आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकमेकींना बांधून टाकल्या होत्या. कॉलेज कळमनुरीला. आबा म्हणाले, "गाडी गावात आली तर जा. त्या रानातून पायी फाट्यावर पोरगी धाडणार न्हाई." माळावरच्या बौद्ध वस्तीत माझी मैत्रीण राहायची, माझ्याच वर्गातली, माझ्याहून हुशार. तिच्या बापानंही तिला हेच सांगितलेलं. बाकी कशात पटो न पटो, पोरींच्या बाबतीत गावातल्या बापांचं बराबर एकमत असायचं.

आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, लेकरू नव्हतं, ती माहेरी परत आली आणि आमच्या शेळ्यांमागं लागली. तोंडानं तिखट. पण बारशाला तिच्याशिवाय गावाचं पान हलत नसे. लेकराचं नाव ठेवायचा मान आत्याचा. पाळण्यावर वाकून ती कानात नाव सांगते, आणि तोंड वर काढायच्या आत जमलेल्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. ज्या घरची आत्या लांब दिली असेल, आजारी असेल, रुसली असेल, तिथं आमच्या आत्याला बोलावणं यायचं. माझ्या मैत्रिणीच्या बारशाला तिची सख्खी आत्या नाल्याच्या पुरानं पलीकडं अडकली, तेव्हा तिचंही नाव आमच्याच आत्यानं ठेवलं. धपाटे खाऊन ती लालेलाल होऊन घरी यायची आणि दिवसभर पाठ चोळत हसत राहायची. त्या दिवशी तिच्याकडं काही मागितलं तर नाही म्हणत नसे. मला ती त्या दिवशी सगळ्यात जास्त आवडायची.

रस्त्याचं काम सुरू झाल्यावर ती रोज दुपारी शेळ्या तिकडंच हाकू लागली. मुरूम पडला, खडी पडली, रोलर फिरला. बाळंतिणीला बघून आल्यासारखी ती घरी येऊन सांगायची, "आज बाभळीपस्तोर आलं. रंग चांगला काळा हाय." आमच्या बोकडाच्या दाढीला डांबर लागलं, ते तिनं गोडेतेल लावून काढलं आणि मुकादमाला शिव्या दिल्या. एसटीचा माणूस बघायला आला आणि म्हणाला, गाडी वळवायला जागा नाही. तेव्हा आबांनी आमच्या शेळ्यांच्या वाड्याची पुढची भिंत आपल्या हातानं पाडली. मला वाटलं, झालं, आता कॉलेज लांब नाही.

मग नाव निघालं.

आमच्या आळीनं एक नाव सुचवलं, माळावरच्या वस्तीनं दुसरं, पाटलांच्या आळीनं तिसरं. नावं मी सांगत नाही. तिन्ही माणसं इतकी मोठी की आमच्या भांडणात त्यांना ओढायची काही गरज नव्हती, पण ओढलं. तिन्हीकडं पाट्या रंगवून तयार. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठका बसल्या. भिंत पाडणारे आबा तिथं सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते, आणि त्यांच्यासमोर उभं राहून ओरडत होता माझ्या मैत्रिणीचा बाप. नाव ठरल्याबिगर चाक फिरू देणार न्हाई, असं तिघांनीही स्वतंत्रपणे जाहीर केलं. तेवढ्या एका गोष्टीवर गाव एक झालं.

पहिली गाडी यायच्या दिवशी आम्ही दोघी नवीन ओढण्या घेऊन वाड्यापुढच्या मोकळ्या जागेत उभ्या होतो. लांबून लाल रंग दिसला. फाट्यावरून आत वळली, नाल्यापर्यंत आली आणि थांबली. वाटेवर दगड लावले होते. कुणी लावले ते आजही कुणी सांगत नाही, म्हणजे सगळ्यांनीच लावले असणार. बराच वेळ ड्रायव्हर खाली उतरून उभा होता. मग गाडी उलटी उलटी फाट्याकडं गेली. निरोप आला की आधी भांडण मिटवा, नाही तर गाडी दुसऱ्या गावाला देतो.

आबा घरी येऊन म्हणाले, "यंदा राहू दे. फुडल्या वर्षी बघू." फुडल्या वर्षी म्हणजे लग्न, हे आमच्या घरात शेळीलासुद्धा कळलं असतं. मी वाड्यात जाऊन रडले. आत्या शेळी पिळत होती. तिनं समजूत वगैरे काही घातली नाही. भांडं माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि सरळ ओट्यावर निघाली. मी भांडं घेऊन तशीच तिच्या मागं.

ओट्यावर तिन्ही पार्ट्या बसल्या होत्या. आत्या खालीच उभी राहिली.

"काय करून राहिले रे?"

"नाव ठरवून राहिलो, अक्का," आबा म्हणाले. "तू घरी जा."

"नाव ठेवायचं म्हंजे बारसं. बारसं गडी मान्सं कदीपासून करून राहिले? तुज्या पोरीचं नाव कुणी ठेवलं?" मग मैत्रिणीच्या बापाकडं वळून, "आन् तुज्या?" मग पाटलाकडं, "आन् तुमच्या नातवाचं?"

उत्तर एकच होतं आणि ते समोर पदर खोचून उभं होतं.

"मंग रस्त्याचं बी मीच ठेवीन. पर बारसं व्हईपस्तोर लेकराला उपाशी ठेवत्यात का? दूध पाजत्यात का न्हाई? काहून दगड घातले त्याच्या तोंडात?"

पाटील हसले. ते हसले म्हणून बाकीच्यांना हसायची सोय झाली. मैत्रिणीचा बाप म्हणाला, "बराबर हाय. आत्याबाई ठेवतील ते नाव. पर कदी?"

"मुहूर्त बघून," आत्या म्हणाली. "तवर त्याला बाळ म्हना."

दगड निघाले, गाडी आली, आणि आम्ही दोघी तिच्यात बसून कळमनुरीला गेलो. एवढ्या सोप्या वाक्यात ते बसतंय याचं मला अजून नवल वाटतं. खिडकीतून मी तो रस्ता बघत होते आणि मैत्रीण पुस्तक वाचायचं सोंग करत होती. दोघींनाही रडू येत होतं.

बारशाचा मुहूर्त मात्र निघेना. गडी माणसं आठवण द्यायची आणि आत्याकडं कारण तयार असायचं. आधी पितृपक्ष. मग सुगी. मग नाल्यावरच्या पुलाचा कठडा राहिलाय, अंगात झबलं नसताना बारसं करू का? मग तिची पाठ दुखून राहिली, धपाटे कोण खाणार? लोक चिडायचे, हसायचे, निघून जायचे. दरम्यान सगळं गाव त्याला बाळच म्हणायला लागलं. "बाळावर पाणी साचलंय." "बाळावर सोयाबीन वाळत घालू नका रे." कंडक्टरही म्हणायचा. तिन्ही पाट्या तिन्ही घरांत कापडात गुंडाळून उभ्या होत्या.

बारावीच्या वर्षी मी तिला विचारलं, "आत्या, मला तरी सांग. काय नाव ठरवलंस?"

ती शेळीच्या पायातला काटा काढत होती. म्हणाली, "काईच न्हाई."

"म्हंजे?"

"एकाचं ठेवलं की दोघं रुसतेत. आन् रुसलेला मानूस आदी रस्ता आडवतो. तुमी दोघी पार झाल्या की मंग बघू." काटा निघाला, शेळी सुटली. "मला काय हौस न्हाई व्हय नाव ठेवायची? लई हाय."

ते मला माहीत होतं. त्या बाईला आयुष्यात दुसरा कुठला मान मिळाला नव्हता. आख्ख्या गावानं देऊ केलेलं सगळ्यात मोठं बारसं ती आमच्यासाठी पुढं पुढं ढकलत होती, आणि वर पाठदुखीची बोलणीही खात होती.

बारावीचा शेवटचा पेपर देऊन आम्ही उतरलो, तेव्हा ती गाडी वळायच्या जागेत उभी होती. हातात काठी, मागं शेळ्या. उन्हानं डोळे बारीक केलेले.

"झाले पेपर?"

"झाले."

"दोघींचे बी?"

"व्हय आत्या, दोघींचे बी."

तिनं ओट्याकडं तोंड केलं आणि हाळी दिली, "या रे! आता ठेवा नाव काय ठेवायचं ते. माझं काम झालं."

ओट्यावर आबा होते आणि मैत्रिणीचा बापही. दोघं रोज तिथं एकाच तंबाखूच्या डबीवर गाडीची वाट बघत बसायचे, आम्ही उतरलो की उठायचे. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. आबा खाकरून म्हणाले, "राहू दे, अक्का. बाळच बरं हाय." मैत्रिणीच्या बापानं मान हलवली आणि डबी पुढं केली.

आत्याचं तोंड एवढंसं झालं. मान असा हातचा गेला की राहिला, तिला कळेना. काठी टेकून ती तशीच उभी राहिली. मैत्रिणीनं माझ्याकडं पाहिलं. आम्ही दप्तरं खाली टाकली, मागून गेलो, आणि भर रस्त्यात दोघींनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले.

पाठ किती वाळली होती तिची. माझ्या हाताला नुसती हाडं लागली आणि माझा हात आपोआप हळू झाला.

"हाण की," आत्या वाकूनच म्हणाली. "थांबली काहून?"