लेकीच्या विहिरीचं पाणी

माझ्या नवऱ्याचा एक हट्ट समुद्रानं मोडला. मी सात जन्म भांडले असते तरी तो मोडला नसता. त्यामुळे समुद्राला शिव्या घालायला तोंड उघडावं आणि हात आपोआप जोडले जावेत, असं माझं झालं आहे.

हट्ट असा, की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. ही रीत ह्यांच्या बापानं पाळली, आजानं पाळली. मी म्हटलं, त्यांच्या लेकी होत्या पुढच्याच गावात. बैलबंडीत बसून गेले, तहान लागायच्या आत परत आले. आपली लेक कुठं आहे ते तरी पाहा! आम्ही मुकुटबनजवळच्या खेड्यातले, कापूस-तुरीवाले. लेक पडली थेट गोदावरीच्या तोंडाशी, तेलुगू मुलखात. जावई आमच्या भागात नोकरीला आला होता. दोघांनी आपसांत ठरवलं आणि माणूस लाखात एक निघाला.

तिच्याकडे जाताना हे आपल्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून घ्यायचे. बल्लारशहाला गाडीत चढताना एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कॅन. डब्यातले लोक विचारायचे, काका, गंगाजल नेता काय? मी आपली खिडकीकडे तोंड करून बसायची. मी स्वतः पहिल्याच फेरीत लेकीच्या अंगणातल्या विहिरीचं पाणी गटागटा प्याले होते. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाणी काय गोड, बाप्पा! रीत मोडली म्हणून माझ्यावर काही वीज पडली नाही.

आम्ही दारात पोचलो की लेक विहिरीचं लोटाभर पाणी पायांवर घालायला आणायची. हे पाय धुवायचे, मग ओसरीवर बसून आपल्या कॅनचं पाणी प्यायचे. शेजारच्या बायका पाहायच्या. भाषा वेगळी असली तरी कॅनचा अर्थ त्यांना बरोबर कळला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. दवाखाने झाले, उपासतापास झाले. एकदा मागच्या दारी भांडी घासताना ती पदरानं डोळे पुसताना मला दिसली, आणि माझ्या अंगाची आग झाली. परतीच्या गाडीत मी ह्यांच्याशी अशी भांडले की समोरच्या बाकावरचा माणूस उठून दुसरीकडे गेला. हे ढिम्म. रीत आहे, एवढंच म्हणाले आणि डोळे मिटले.

मग एका फेरीत मी नेहमीसारखा लोटा तोंडाला लावला आणि घोट तोंडातच राहिला. पाणी मचूळ लागत होतं. लेक म्हणाली, आता असंच आहे. समुद्र वर येतोय, जमिनीखालून विहिरीत शिरतोय. अजून थोडी वर्षं, मग ही विहीर फक्त भांडी धुवायच्या कामाची.

हे ओसरीवरून ऐकत होते. समुद्र काहून वाढतो, त्याला काय कमी होतं, असं त्यांनी विचारलं. लेक तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. तिनं स्वयंपाकघरातून परात आणि पाण्यानं भरलेले दोन पितळी गुंड आणले आणि बापालाच विद्यार्थी करून बसवलं. मोठं कारण म्हणजे गरमी आणि वितळणारा बर्फ, हे तिनं आधीच सांगून टाकलं. पण जमिनीवरच्या पाण्याचाही त्यात हात आहे, म्हणाली. पृथ्वीवरचं पाणी असतं तेवढंच. गुंडात थांबलं तर परातीत कमी, गुंड रिकामे केले तर परात भरते. धरणं, तळी, ओली जमीन हे गुंड, समुद्र ही परात. एखाद्या वर्षी जमिनीवर खूप पाऊस पडला आणि जमिनीनं तो धरून ठेवला, तर समुद्र केसभर उतरतोसुद्धा. आणि जमिनीच्या पोटातलं जुनं पाणी आपण उपसत सुटलो, तर ते शेवटी परातीतच येतं.

हे हसले. म्हणाले, "मंग काय माई पाच एचपीची मोटर समुद्र वाढवून राह्यली?"

"तुमची एकट्याची नाई, बाबा," लेक म्हणाली. "पण तुमच्यासारखे मायंदाळ हायेत."

मग तिनं बोटानं परातीच्या काठावर आमचा रस्ता काढून दाखवला. आपला नाला पैनगंगेत, पैनगंगा वर्धेत, वर्धा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत. आणि गोदावरी इथं, ह्या नारळांच्या मागं.

आमच्याकडे मोटरीच्या स्टार्टरला सगळ्यांनी 'ऑटो' लावलेला असतो. विजेची लाइन कधी येईल ते देवालाही ठाऊक नाही, म्हणून ही सोय. लाइन आली की मोटर आपोआप सुरू. मालक घरी घोरतो, हरभरा गळ्यापर्यंत भिजतो, पाणी शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून उड्या मारत नाल्याला लागतं. घरी आल्यावर ह्यांनी आमच्या स्टार्टरचा ऑटो काढून टाकला. लाइन आली की स्वतः वावरात जायचं, वाफे भरले की मोटर बंद करून यायचं. मी चकित झाले. आठवडा झाला नसेल, ह्यांनी लेकीला फोन लावला आणि विचारलं, समुद्र उतरला काय गं थोडा?

ती एवढी हसली, एवढी हसली, की फोन लांब धरला तरी मला चुलीपाशी ऐकू येत होतं. कित्येक महिन्यांनी तिचं तसं हसू ऐकलं. मोटर बंद केली त्याचं तेवढं एक फळ मिळालं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

गावानं अर्थातच टिंगल केली. पारावरून आवाज यायचा, काय समुद्रवाले, आज भरती का ओहोटी? हे चिडायचे नाहीत, उलट बसून त्यांना परात आणि गुंड समजावायचे. त्यातल्याच काहींना घेऊन ह्यांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत रेती भरली आणि नाल्याला बांध घातला. त्यानं समुद्राला काही फरक पडला नसणार, एवढं मलाही कळतं. पण त्या उन्हाळ्यात गुरांना प्यायला नाल्यात पाणी होतं, आणि आमच्या विहिरीनं तळ दाखवला नाही. त्या पाण्याचे उपकार मी विसरणार नाही.

पुढच्या फेरीची तयारी करताना मी सवयीनं कॅन घासून भरून ठेवला. निघताना पाहते तर तो जागेवरच. मी आठवण केली. राहू दे, म्हणाले. मला वाटलं, वाटेत बाटल्या विकत घेतील. भांडायला माझ्या अंगात बळ नव्हतं. त्या वर्षी लेकीचा शेवटचा इलाजही वाया गेला होता, आणि आता पुरे, असं तिनं आणि जावयानं ठरवलं होतं.

आम्ही दारात पोचलो. लेक नेहमीसारखी विहिरीचं पाणी घेऊन आली आणि पायांवर घालायला वाकली. ह्यांनी तिच्या हातातून लोटा घेतला आणि तोंडाकडे नेला.

"बाबा, ते पिऊ नका," तिनं हातच धरला. "लय मचूळ झालं आता. आमीबी पेत नाई. विकतचं देते, थांबा."

"मले तुया इहिरीचंच पायजे," हे म्हणाले. "लेकरू होवो का न होवो. तू तं हायेस ना, माय."

आणि उभ्या उभ्या अख्खा लोटा प्याले. मला त्यांचा चेहरा दिसत होता. खारटपणानं कपाळाला आठी पडली, पण लोटा खाली आला नाही. शेजारच्या बायका कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांच्या देखत ह्यांनी मिशा पुसल्या, रिकामा लोटा लेकीपुढं धरला आणि अजून मागितलं.

लेक विहिरीकडे अक्षरशः पळत गेली. मी पायरीवर बसून पोटभर रडून घेतलं. ह्या माणसाच्या पदरी मला बांधलं म्हणून देवाचे आभार मानायची वेळ माझ्यावर फार वेळा आलेली नाही, पण त्या दिवशी आली.

पाय धुवायचे राहिले ते राहिलेच. तशाच धुळीच्या पायांनी आम्ही लेकीच्या घरात गेलो.