वर्नाची लाल गाडी आणि लेकीची रुपेरी कूपे

आमच्या फ्लिंट शहरात वर्ना प्रुइट दिसायच्या आधी तिची गाडी ऐकू येते. शाळेच्या खानावळीत बटाटे सोलून साठवलेल्या पगारातून तिने एकोणिसाव्या वर्षी ती लाल गाडी घेतली. विक्रेता म्हणाला, "वडिलांना घेऊन ये, पोरी." वर्ना म्हणाली, "त्यांना चालवता येत नाही. किल्ली द्या." लांबलचक बॉनेट, आठ सिलिंडर, आणि पेट्रोल तर घटाघटा पिणारी! पन्नास वर्षं तिने तीच दामटली.

मग डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तो जड क्लच काही दबेना. लेक डार्लाने आपली दोन दारांची छोटी रुपेरी कूपे आणून दिली. हिला क्लचच नव्हता.

"ही गाडी आहे की शिवणयंत्र? चालू कर की!"

"आई, चालूच आहे ती."

"मग ओरडत का नाही?"

कुरकुरत ती साखर आणायला नदीकाठच्या वळणाच्या रस्त्याने गेली. लाल गाडी तिथे प्रत्येक वळणाला अडायची. ही मात्र माशासारखी सुळकन वळली. वर्ना परतली ती गाल लाल करून.

मी शेजारच्या ओसरीवरून विचारलं, "कशी आहे?"

"ठीक," म्हणाली, आणि पुन्हा साखर आणायला निघाली. आठवड्याभरात तिच्या स्वयंपाकघरात साखरेची रास लागली.

ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची मिरवणूक आली. लाल गाडी ती कधी चुकवत नसे. यंदा चालवायला डार्ला बसली, आयुष्यात पहिल्यांदा. वर्ना शेजारी.

"क्लच हळू सोड गं! भांडण नाही करायचं तिच्याशी."

भर रस्त्यात गाडी तीनदा बंद पडली. लोक टाळ्या पिटू लागले. चौथ्यांदा इंजिन असं गरजलं की दुकानांच्या काचा थरथरल्या. डार्ला हसत किंचाळली, "आई, हिला ब्रेक आहेत ना?"

"आहेत. पण आधी अर्ज करावा लागतो!"

त्या दिवसापासून डार्ला रोज लाल गाडीच घेऊन फिरू लागली. थंडी पडेपर्यंत वर्नाचा गुडघा ठणठणीत झाला. एका रविवारी, भोपळ्याचं सारण भरलेली गोड पेस्ट्री खाताना, डार्लाने विषय काढला. "आई, माझी गाडी आता परत देतेस ना?"

"देते की. आधी माझी दे."

डार्लाने आईकडे पाहिलं. मग लाल गाडीची किल्ली खिशात टाकली आणि आणखी एक तुकडा वाढून घेतला.