जवाईबापूंनी भरलेली हवा

शर्यतीच्या सायकलीत हवा किती भरावी, हे मला विचारा. सांगतो, पण त्याआधी माझ्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल ऐकून घ्यावं लागेल. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणत आलो, तुम्ही-आम्ही करत आलो. इथे मात्र त्याला नुसतं ‘तो’ म्हणणार. त्याची आठवण निघाली की आजही तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ती विझावी असं मला वाटतही नाही.

इंग्रज गेले तेव्हा रेल्वेतल्या एका गोऱ्या साहेबाने निघताना सामान विकलं. त्यातली शर्यतीची सायकल वडिलांनी माझ्यासाठी आमच्या गावी, पांढुर्ण्याला आणली. तिचे टायर वेगळेच होते. ट्यूब टायरच्या आत शिवून टाकलेली आणि तो अख्खा टायर रिमवर चिकटवलेला. पंक्चर झालं की शिवण उसवायची, ठिगळ लावायचं, पुन्हा शिवायचं. गावात सगळ्यांचा समज असा की हवा ठासून भरली की सायकल पळते. नागपूरच्या गुळगुळीत सडकेवर पळतही असेल. पण आमची सौंसरची सडक म्हणजे गिट्टी, मुरूम आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. तिथे टणक टायर खड्या-खड्यावर उडतो, आणि उडालेलं चाक धड पळत नाही की वळत नाही. मी सायकलीवर बसून खाली वाकून पाहायचो. टायर जमिनीवर जरासा पसरला पाहिजे, पण रिम दगडाला लागता कामा नये. अंगाचा भार मागे जास्त, म्हणून मागच्या चाकात हवा जास्त, पुढच्यात कमी. उन्हाळ्यात दोन्हींत आणखी थोडी कमी, कारण हवा तापली की फुगते. एवढं कळायला माझ्या गुडघ्यांची बरीच कातडी गेली.

मग राज्यांची वाटणी होणार अशी बोलणी सुरू झाली. नागपूर मुंबईकडे जाणार, आम्ही इकडेच, हिंदी मुलखात राहणार. त्या वर्षी नागपूरला जुन्या प्रांताची मोठी शर्यत होती आणि आमच्या भागातून एकच जण जायचा होता. पांढुर्ण्याहून निघून सौंसरला जो पहिला पोहोचेल, तो. पुढच्या वर्षी नागपूर परक्या राज्यात, म्हणजे ही संधी पहिली आणि शेवटची. मी रोज सकाळी तिगावापर्यंत जाऊन यायचो. जिंकणार याची मला खात्री होती, आणि माझ्याबरोबर पळणाऱ्यांनाही होती.

शर्यतीच्या सकाळी मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर येऊन पाहतो तर हा आमचा जवाईबापू धोतर खोचून अंगणात माझ्या सायकलीला पंप मारून राहिलेला, आणि सगळं घर कौतुकाने भोवती उभं. टायर अंगठ्याने दाबून पाहिला तर जागचा हलेना. मी हवा सोडायला वाकलो, तर वडिलांनी माझा हात धरला.

"जवाईबापूनं सोताच्या हातानं भरली. आता हात लावू नको. काय वाटन त्यायले?"

आमच्याकडे जवायाने ताटात मीठ जास्त वाढून घेतलं तरी भाजी खारट म्हणायची पद्धत नाही. मी तसाच निघालो. उतारावरच्या वळणावर गिट्टीने मागचं चाक उडवलं आणि मी नाल्यात गेलो. दोन दात तिथेच राहिले. नागपूरला दुसराच गेला.

एवढ्यावर तो थांबला असता, तर मीही विसरलो असतो कदाचित. पण त्याने या गोष्टीचा किस्सा केला. लग्न असो, बारसं असो, पंगतीत माझ्या समोर बसून सांगायचा, "आमच्या साल्याले शर्यतीत नाला दिसला, तो आंघोळीले थांबला." पंगत हसायची. साल्याची थट्टा करायचा जवायाला हक्कच असतो, आणि चिडणारा साला आणखी हास्यास्पद होतो. मी दोन दात नसलेल्या तोंडाने हसायचो. हवा त्याने भरली होती हे त्याच्या किश्शात कधी आलं नाही.

राज्य बदलल्यावर पहिला धोंड्याचा महिना आला. या महिन्यात जवायाला मान देऊन वाण द्यायचं. वडिलांनी विचारलं, काय आवडेल? त्याने माझी सायकल मागितली. वडिलांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला हळदकुंकू लावलं आणि देऊन टाकली.

त्या दिवशी मी ठरवलं, याला त्याच सडकेवर लोळवायचं.

पुढच्या हनुमान जयंतीला पांढुर्णा ते सौंसर शर्यत ठरली. सौंसर त्याचं गाव, तिथल्या लोकांसमोर पहिलं यायची त्याला भारी हौस. आदल्या दिवशीच तो सायकल घेऊन आमच्याकडे मुक्कामाला आला. संध्याकाळी ओसरीवर आम्ही दोघंच होतो. तेव्हा हवेचं सांगितलं असतं तर कदाचित त्याने ऐकलं असतं. मी गप्प राहिलो. सकाळी बहीण त्याला ओवाळत होती, अंगण माणसांनी भरलं होतं, तेव्हा मी मोठ्याने बोललो.

"भाऊजी, मागची हवा थोडी काढा. ऊन चढून राहिलं. टायर जुना हाय, फुटन."

खरं तेच सांगितलं, एक अक्षर खोटं नाही.

"घ्या," तो लोकांकडे वळून म्हणाला, "आता नाल्यात पडणारा जवायाले शिकवून राहिला." लोक हसले. त्याने पंप पुन्हा लावला आणि आणखी हवा मारली. मी याच हसण्याची वाट पाहत होतो. पंपाच्या दट्ट्याचा एकेक दाब मला गोड लागत होता.

त्याच उतारावर टायर फुटला. बैलगाडीत घालून त्याला आमच्याच घरी आणलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, तोंड सोलवटून निघालं होतं. मला वाईट वाटलं नाही. दुपारी मी पोटभर जेवलो.

दोन दिवसांनी त्याने मला खाटेजवळ बोलावलं. घरात दुसरं कोणी दिसत नव्हतं.

"मी ऐकणार नाही हे तुले माहीत होतं," तो म्हणाला.

"होतं."

"म्हणून चारचौघांत सांगितलं."

"हो. तुमचं हाड जुळून येईन, भाऊजी. माहं नागपूर नाही येत आता."

त्याने डोळे मिटून घेतले. मी वळलो तर बहीण दारात उभी होती, हातात हळदीच्या दुधाचा पेला. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत आली नाही. मी तिच्या हातून पेला घेतला, त्याच्या मानेखाली हात घातला आणि दूध फुंकून फुंकून त्याला पाजलं. घरचा जवाई होता, त्याच्या मानात काही कमी पडू द्यायचं नव्हतं.