वसतिगृहाची पंगत

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि आमच्या नाशिकच्या कॉलेजातल्या मुलींच्या वसतिगृहाची खाणावळ बंद पडायच्या बेताला आली होती. तिथे जेवायच्या त्या पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या आदिवासी पाड्यांवरच्या मुली. दिवाळीनंतर खाणावळ झेपणार नाही, असं संस्थेने सांगून टाकलं. माझ्या अर्थशास्त्राच्या वर्गातली हरसूलकडची एक मुलगी तास संपल्यावर थांबली आणि खाणावळ बंद झाली तर वडील न्यायला येणार आहेत, असं खाली बघत म्हणाली. ती शेवटच्या वर्षाला होती. अशी मध्येच घरी गेलेली मुलगी परत येत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं.

माजी विद्यार्थी संघाचं काम माझ्या गळ्यात होतं, कारण दुसऱ्या कोणी ते घेतलं नव्हतं. आमचे प्राचार्य नुकतेच निधी उभारणीची कार्यशाळा करून आले होते. तिथला मंत्र असा की मोठ्या हुद्द्यावरचे माजी विद्यार्थी बोलवायचे, त्यांचा सत्कार करायचा आणि जुन्या आठवणींनी डोळे पाणावले की हळूच मागणी पुढे करायची. स्टाफरूममध्ये आम्ही याला ‘आधी हार, मग प्रहार’ म्हणत असू. मेळावा झाला. शाली झाल्या, नारळ झाले, भाषणंही गळा दाटून झाली. मग प्राचार्यांनी खाणावळीचा विषय काढला आणि निम्म्या पाहुण्यांना एकदम परतीच्या गाडीची आठवण आली. जे जमलं त्यात शाली-नारळाचा खर्च कसाबसा निघाला. माझा तर नुसता तिळपापड झाला होता.

खुर्च्या आवरताना माझी एक जुनी विद्यार्थिनी मागे थांबली. माहेर कळवणकडचं, लग्नाआधी याच वसतिगृहात राहिलेली. आता मखमलाबादला सासरी गुलाब आणि शेवंती लावायची. वर्गातही फटकळ होती, तशीच राहिली होती.

“मॅडम, पाहुण्याला हार घालून कोणी पैसे मागतं का?” ती म्हणाली. “आमच्याकडे सप्ताह बसतो, तेव्हा पावतीपुस्तक दिसलं की लोक दार लावून घेतात. पण पंगतीचं विचारून बघा. आमची पंगत का नाही धरली, म्हणून भांडायला येतात.”

सप्ताहात एकेका घराने एकेका दिवसाचं जेवण उचलायचं, ही पद्धत मलाही ठाऊक होती. ती कॉलेजला लावायला मात्र कोणत्याही कार्यशाळेत शिकवलं नसतं. प्राचार्यांना हे कॉलेजच्या इभ्रतीला शोभेसं वाटेना. पण दुसरा उपाय त्यांच्याकडेही नव्हता. पहिली पंगत तिनेच धरली. मग आम्ही दोघी भाजीबाजारात, दुकानांत, शाळांत हिंडून आमचे जुने विद्यार्थी गाठले. सत्काराला यांतल्या कोणाला बोलावणं गेलं नव्हतं, आणि त्याबद्दल एकानेही मला टोमणा मारला नाही. त्या दिवसांत मला जो चहा मिळाला, जो मान मिळाला, त्याची फेड माझ्याने व्हायची नाही.

एक घोळ झालाच. पंगत म्हटली की गोड हवंच, नाहीतर लोक काय म्हणतील? त्यामुळे रोज बुंदी, नाहीतर शिरा. वाढणारी माणसं एवढ्या मायेने आग्रह करत की मुली निमूट खात राहिल्या. शेवटी त्या हरसूलच्या मुलीने मला भीतभीत विचारलं, कोणाला वाईट वाटणार नसेल तर ठेचा-भाकरी मिळेल का. मी घरोघर समजूत घालत सुटले. मालेगावचा एक कापडव्यापारी, आमचाच विद्यार्थी, ऐकेना. नुसती भाकरी वाढली तर आई घरात घेणार नाही, म्हणाला. भाकरीबरोबर गूळ, अशी तडजोड झाली.

दिवाळी होऊन गेली, खाणावळ चालू राहिली. तरी त्या मुलीचे वडील आलेच, ट्रंक बांधायला दोर घेऊन. फुकट जेवण मिळतंय हे ऐकून त्यांची काळजी उलट वाढली होती. परक्याच्या पोरींना कोण कशाला जेवू घालतंय, असं त्यांनी मला सरळ विचारलं. प्रश्न रास्त होता. आधी दोन घास खा, मग न्या, एवढंच मी म्हणाले.

त्या दिवशी पंगत मखमलाबादची होती. माझी विद्यार्थिनी स्वतः वाढत होती. भाकरी घेता घेता त्यांनी तिला विचारलं, “तुमची पोर हाय का हितं?”

“नाही काका,” ती म्हणाली. “मी होते इथे.”

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या हातांना शेतातल्या कामाचे घट्टे होते. मग ते खाली मान घालून पोटभर जेवले. मुलगी दाराशी ट्रंक घेऊन उभी होती, तोंड एवढंसं झालेलं.

हात धुऊन ते माझ्यापाशी आले.

“ऱ्हाऊ द्या तिला,” ते म्हणाले. “पुढल्या खेपंला भाकरीला नागली घेऊन येतो. एक पंगत आमची धरा.”