तासाभराचे यहुदी

राजवाड्याच्या दारांच्या कामाला जव्हारात आलेला तो सुतार पागोट्यापासून मिशीपर्यंत आपल्यासारखाच होता. एकदा तो भर बाजारात रडवेला उभा. कानावर पेन्सिल तशीच.

"आज बाबांचं वर्षश्राद्ध. प्रार्थनेला दहा यहुदी पुरुष लागतात आणि इथे मी एकटाच!"

"उरलेले नऊ आम्ही होऊ की!" वाणीशेठ म्हणाले. "तुमच्यासारखा मीही शनिवार पाळतो."

"माझंही आडनाव तुझ्यासारखं गावावरून," मी छाती फुगवली.

"मीबी येतो," पोशेरा गावचा नागली विकणारा म्हणाला, "पन सुंता नको!"

सुताराने नकारार्थी मान हलवली.

"मग धर्म, जात की रीत, नक्की लागतं काय?" शेठ वैतागले.

"त्यावर आमच्यातच भांडणं आहेत, शेठ."

तरीही बाजारातले आणखी सहा धरून आम्ही नऊजण त्याच्यामागे उभे राहिलो. त्याने प्रार्थना म्हटली आणि आमच्या 'आमेन'ने कावळे उडाले.

"मोजणीत मी एकटाच भरलो," डोळे पुसत तो म्हणाला, "पण बाबांना गर्दी फार आवडायची."