चार सारखे टायर

आमची जीप लष्करी लिलावातली होती. वडील जनावरांचे डॉक्टर. गगनबावड्याकडच्या वाड्यांवर जायला दुसरी कुठली गाडी चालत नसे. त्या मे महिन्यात एका म्हशीनं लाथ मारून त्यांचा पाय मोडला आणि गाडी माझ्या हातात आली. परवाना मिळून वर्ष झालं होतं, पण मागून कोणी हॉर्न वाजवला तरी माझे कान तापत.

घटसर्पाची लस गुरुवारी यायची होती. बर्फात ती दोन दिवस टिकणार. पावसाआधी टोचली नाही, तर वाड्यांवरची जनावरं हकनाक मरणार. म्हणून सोमवारी मी एकटीच एका जवळच्या टेकडीवर चढाचा सराव करून आले. मातीवर गिअरशेजारचा, चारही चाकं इंजिनाला जोडणारा दांडा नीट पडला. खाली डांबरी रस्त्याला लागल्यावर मात्र तो काही केल्या निघेना. गाडी कोणी मागून धरल्यासारखी ओढत घरी आली.

मंगळवारी ती शिवाजी पेठेतल्या आमच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी दांड्याला दोन हिसके दिले आणि हात पुसले.

"आतलं दातं गेल्यात, ताई. गिअरबॉक्स खोलायला लागतंय. आठ दिवस धरा."

"गुरुवारी गाडी लागणार आहे."

"मग बैलगाडी बघा की!"

स्कूटर दुरुस्तीला टाकून बाकावर बसलेले एक गृहस्थ मोठ्यानं हसले. एरवी मी तिथूनच परत फिरले असते. बोलायचं वाक्य मनात जुळवेपर्यंत समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असे, असा माझा नेहमीचा अनुभव. पण गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी गेले काही दिवस वडिलांच्या खाटेशेजारी बसून वाचत होते, आणि त्यात टायरांवर अख्खं एक पान होतं. आमच्या पुढच्या चाकांना महिन्यापूर्वीच कोरे टायर बसले होते. मागचे निम्मे झिजलेले.

"बॉक्स खोलू नका," मी म्हणाले. "आधी टायर मोजू या. सुतळी आहे का?"

"दांडा वर हाय, टायर खाली हाय!"

"मिस्त्री, मड्डम इंग्रजी शाळंतल्या हैत," बाकावरून आवाज आला. "गप सुतळी द्या."

मी तेलकट फरशीवर गुडघे टेकले. आधी मागच्या टायरला सुतळी गुंडाळून गाठ मारली, मग तीच पुढच्याला लावली. जवळजवळ चार बोटं कमी पडली.

"नवं ते मोठं असणारच की," मिस्त्री म्हणाले.

"पण चारही चाकं जोडली की पुढच्या-मागच्यांना फेरे सारखेच. मोठं चाक त्यात जास्त पुढे जातं. मातीवर घसरून ते जुळतं. डांबरावर घसरत नाही, मग आतल्या दात्यांवर पीळ बसतो आणि दांडा अडकतो. जॅक लावा. पुढचं एक चाक उचला."

एवढं लांब मी परक्या माणसाशी कधी बोलले नव्हते. मिस्त्रींनी जॅक लावला तो मला खोटं पाडायलाच. टायर जमिनीवरून सुटला मात्र, चाकानं आपोआप एक हिसका घेतला, खाली खाडकन आवाज झाला आणि मी हात लावताच दांडा अलगद मागे आला.

"आयला!" मिस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "माफ करा, ताई."

महिन्यापूर्वी पुढून काढलेली जुनी जोडी अजून कोपऱ्यात होती. मी दोन्ही टायर आतून-बाहेरून हात फिरवून पाहिले. झीज मागच्यांइतकीच होती, चीर कुठे नव्हती.

"हेच पुढे बसवा."

"ते न्हाय जमायचं. नवं पुढं घाल म्हणून डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय. त्यांची चिठ्ठी आणा."

त्यांचं बरोबर होतं. पुढचा टायर फुटला की गाडी दरीत, म्हणून चांगले टायर नेहमी पुढे, हा वडिलांचा नियम. घरी जाऊन मी सगळं सांगितलं. त्यांच्या तोंडाकडे न बघता, प्लॅस्टरकडे बघत.

"कोरे टायर काढून ठेवायचे? हे मिस्त्री म्हणाला?"

"मी म्हणतेय. अजून दोन घेईपर्यंत."

"मी वीस वर्षं गाडी चालवतोय."

"हो. पण गुरुवारी मी चालवणार आहे."

 त्यांनी कागद मागून घेतला आणि लिहिलं, 'ही सांगेल तसे करावे.' खाली सही.

बुधवारी जुनी जोडी पुढे बसली आणि गुरुवारी दुपारपर्यंत आमच्या दोन वाड्या झाल्या. वडील गाडीतच बसून लस टोचत होते. लोक जनावरं गाडीच्या दारापर्यंत आणत. दुसरीचा चढ उतरून डांबरावर आल्यावर मी दांडा मागे घेतला. दोन बोटांनी आला. वडिलांनी पाहिलंही नाही. ते बर्फाच्या पेटीत हात घालून उरलेल्या बाटल्या चाचपत होते.

"डावीकडे घे," ते म्हणाले. "वरची वाडीही आजच करू."